गोंगाटाचे गणित आणि प्रा. दामोदर कोसंबी

नागपूरचा झिरो माईलचा खांब आपल्यापैकी बहुतेकांनी येता-जाता पाहिलेला आहे. वालुकाश्माचा तो खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे यांकडे लक्ष जाते. परंतु सर्वेक्षण खात्याने १९०७ साली तेथे जी उंचीची खूण पक्की केली, तिच्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. समुद्रसपाटीपासून तिची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. समुद्र नागपुरापासून शेकडो मैल दूर. मध्ये डोंगर, नद्या, काळी जमीन. दुर्बीण आणि मापनपट्टी घेऊन, टप्प्याटप्प्याने मोजत आलेल्या माणसांनी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा कोणत्या आधारावर लिहिला असेल?

प्रत्येक मोजणीत थोडी चूक होणारच, हे त्यांना ठाऊक होते. ऊन बदलते, हवा थरथरते, डोळा थकतो. परंतु अशा बारीक चुका मनमानी वागत नाहीत, त्यांनाही एक नियम आहे, हेही त्यांना ठाऊक होते. या नियमाची कथा इंग्लंडमध्ये सुरू होते आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय अलीगड आणि पुणे येथे वास्तव्य केलेल्या एका गोमंतकीय मराठी गणितज्ञाने लिहिला आहे. त्या गणितज्ञाचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. यदृच्छ गोंगाटाच्या गणितातील त्यांचे काम मात्र विद्यार्थ्यांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. ते सोप्या भाषेत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चुकांचा नियम

एक नाणे शंभर वेळा उडवा. छापा बरोबर ५० वेळा पडेल असे नाही. ४७ वेळा पडेल, ५३ वेळा पडेल, कधी ४४ वेळाही पडेल. पण हाच शंभर उडवण्यांचा प्रयोग पुनःपुन्हा केला, तर शंभरातील सुमारे ९५ प्रयोगांत छाप्यांची संख्या ४० ते ६० यांच्या दरम्यानच सापडेल. किती वेळा कोणता आकडा आला याची आकृती काढली, तर मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी, घंटेच्या आकाराची रेषा मिळते.

या रेषेचे गणित १७३३ साली द मुआव्र यांनी नाण्यांच्या खेळावरून मांडले. पुढे १८०९ साली कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी ग्रहांच्या वेधांतील चुकांचा विचार करताना तिचा उपयोग केला, म्हणून तिला गाउसची रेषा म्हणतात. लाप्लास यांनी तिचे कारण दाखविले. जेथे पुष्कळ लहान लहान आणि एकमेकांपासून स्वतंत्र अशी कारणे एकत्र येऊन एखादा परिणाम घडवितात, तेथे ही रेषा उमटते, मग ती कारणे वेगवेगळी कोणतीही असोत. यातूनच मोजणाऱ्यांना एक मोठा व्यावहारिक आधार मिळाला. एकच मोजणी १०० वेळा केली आणि सरासरी घेतली, तर या यदृच्छ चुकीचा प्रभाव दहापट कमी होतो. १०,००० वेळा केली, तर शंभरपट. चूक पुसून टाकता येत नाही. पण ती किती मोठी असू शकेल, हे आधी सांगता येते.

तारेतील खरखर

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळचे रेडिओ ज्यांच्या घरी होते, त्या वडीलधाऱ्या मंडळींना दोन केंद्रांच्या मधल्या जागेतील खरखर आठवत असेल. वैशाखाच्या संध्याकाळी आभाळ भरून आले की दूरच्या विजांमुळे रेडिओत कडकड आवाज येत असे. परंतु वीज नसली, वारा नसला, तरी यंत्राच्या अंगची एक बारीक, अखंड खरखर राहतेच. ती कोठून येते?

याचे उत्तर मिळण्यास शंभर वर्षे लागली. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की परागातील अतिसूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरत असतात. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी दाखविले, की पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्या कणांवर आदळतात आणि त्या असंख्य धक्क्यांची ती बेरीज आहे. फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी प्रयोगाने ते पडताळून पाहिले. त्यातून अणू खरोखरच आहेत, याविषयीची उरलीसुरली शंकाही मिटली.

तारेत हेच घडते. तारेतील विद्युत्कण उष्णतेमुळे सदैव धावपळ करीत असतात. १९२८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी ही खरखर मोजली आणि त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी तिचा नियम सांगितला. तापमान वाढले की खरखर वाढते, तारेचा रोध वाढला की वाढते, आणि जितका रुंद कंपनपट्टा आपण ऐकतो तितकी ती अधिक ऐकू येते. १,००० ओहमचा एक साधा रोध घरातील तापमानाला ठेवला आणि १०,००० हर्ट्झचा पट्टा घेतला, तर त्याच्या टोकांशी सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट इतका दाब आपोआप थरथरत राहतो. कारखानदाराने कितीही उत्तम माल वापरला, तरी त्या तापमानाला, त्या रोधाची ही खरखर त्याला टाळता येणार नाही. एका क्षणी घेतलेला हा दाब पाहिला, तर तो गाउसच्या रेषेप्रमाणेच वागतो. कारण येथेही असंख्य लहान धक्क्यांचीच बेरीज आहे.

परंतु येथे एक नवी अडचण उभी राहते. झिरो माईलच्या उंचीचा आकडा एकच होता. रेडिओतील खरखर ही काळाबरोबर पुढे जाणारी, वरखाली होणारी एक संपूर्ण रेषा आहे. या क्षणाच्या मूल्याचा पुढच्या क्षणाशी काही संबंध असेल, काही नसेल. एका आकड्याच्या चुकीचे गणित ठाऊक होते. संपूर्ण रेषेच्या यदृच्छतेचे गणित कसे करावे? १९२३ साली नॉर्बर्ट विनर या अमेरिकन गणितज्ञाने ब्राउनच्या थरथरीचे काटेकोर गणित उभारले आणि वाट मोकळी केली. त्याच वाटेवर पुढे कोसंबी आले.

केंब्रिज ते अलीगड

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. ते हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनासाठी जात असत. १९१८ साली त्यांच्याबरोबर अकरा वर्षांचा दामोदरही अमेरिकेतील केंब्रिज गावी गेला. तेथील शाळेत आणि नंतर हार्वर्डमध्ये शिकून त्याने १९२९ साली उच्च श्रेणीत पदवी मिळविली. विनर यांच्यासारख्या गणितज्ञांशी त्याचा परिचय तेथेच झाला.

मायदेशी परतल्यावर कोसंबी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले. पुढे १९३१ साली ते अलीगड मुस्लिम विद्यापीठात आले. हा प्रसंग आपल्या समाजातील शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सर रॉस मसूद हे त्या वेळी अलीगडचे कुलगुरू होते. गणित विभागाची धुरा त्यांनी आंद्रे वेय या फ्रेंच तरुणाच्या हाती दिली. वेय १९३० साली अलीगडला आले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. वेय यांनी टी. विजयराघवन आणि कोसंबी यांना आपल्या विभागात आणले. एक फ्रेंच ज्यू, एक तमिळ आणि एक गोमंतकीय मराठी असे तीन तरुण गणितज्ञ अलीगडच्या विभागात एकत्र आले. माणसाची पारख त्याच्या विद्येवरून करावी, हा साधा नियम पाळल्याने हे घडले. दुर्दैवाने हा संच फार टिकला नाही. १९३२ साली वेय यांना अलीगड सोडावे लागले आणि विजयराघवनही ढाक्याला गेले. १९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. वेय पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांत गणले गेले.

अलीगडच्या दिवसांतील एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. वेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक छोटा निबंध लिहिला आणि त्यातील सिद्धांत 'बूरबाकी' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या नावे केला. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी आपल्या मंडळाला हेच नाव घेतले आणि ते जगभर गाजले. जो माणूस कधी झालाच नाही, त्याचे नाव असे कोसंबींच्या लेखणीतून गणिताच्या छापील पानावर आले. खुद्द कोसंबींच्या एका सिद्धांताला त्यांचे नाव मिळण्यास मात्र पुष्कळ वाट पाहावी लागणार होती.

झिजलेली नाणी

फर्ग्युसनमध्ये कोसंबी बारा वर्षे होते. संख्याशास्त्र त्यांनी हाताने प्रश्न सोडवीत आत्मसात केले. यासाठी त्यांनी घेतलेला सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे प्राचीन नाणी. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही की साल नाही. मग त्यांतील जुनी कोणती आणि नवी कोणती, हे कसे ठरवावे? कोसंबींनी संवेदनक्षम तराजू घेतला आणि नाणी एकेक करून तोलण्यास सुरुवात केली.

त्यामागचा विचार असा. नाणे बाजारात फिरते तेव्हा प्रत्येक हातातून जाताना त्याचा अत्यल्प अंश झिजतो. कोणते नाणे कोणाच्या थैलीत किती वेळा घासले गेले, हे कोणीही सांगू शकत नाही. पण एकाच वेळी टांकसाळीतून निघालेल्या हजार नाण्यांकडे पाहिले, तर दोन गोष्टी निश्चित घडतात. वर्षागणिक त्यांचे सरासरी वजन उतरत जाते, आणि नाण्या-नाण्यांतील वजनाचा फरक वाढत जातो. म्हणजे सरासरी आणि पसारा या दोन आकड्यांवरून नाण्यांचे वय ताडता येते. आपली रीत तपासण्यासाठी त्यांनी त्या काळी चलनात असलेली, साल छापलेली नाणीही मोठ्या संख्येने तोलली आणि चलनातील झिजेविषयीचे आपले निष्कर्ष १९४२ साली प्रसिद्ध केले.

नाण्याची झीज आणि तारेतील खरखर यांत वरकरणी काहीच साम्य दिसत नाही. पण गणिताच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी असंख्य लहान आघातांनी काळाबरोबर घडत जाणारी एक यदृच्छ रेषाच आहे.

१९४३ चा निबंध

१९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात कोसंबींचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ 'फलन-अवकाशातील संख्याशास्त्र' असा होतो. एकेका आकड्याऐवजी संपूर्ण रेषा हीच एक वस्तू मानून तिचे संख्याशास्त्र करावे, असा त्याचा आशय होता.

त्यातील मुख्य कल्पना अशी समजून घेता येईल. सतारीच्या तारेचा स्वर अनेक शुद्ध स्वरांच्या मिश्रणाने बनतो, हे आपण जाणतो. फुरिये यांनी दाखविले होते, की कोणतीही वेडीवाकडी रेषा साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येते. कोसंबींनी यदृच्छ रेषेसाठी ही गोष्ट केली. त्यांच्या रीतीत लहरी बाहेरून आणायच्या नसतात. त्या यदृच्छ क्रियेच्याच स्वभावातून, म्हणजे तिच्या एका क्षणाचा दुसऱ्या क्षणाशी सरासरीने किती संबंध आहे त्यावरून, काढायच्या असतात. अशा लहरी निवडल्या की प्रत्येकीच्या वाट्याला एक यदृच्छ आकडा येतो आणि या आकड्यांचा परस्परांशी संबंध उरत नाही. क्रिया गाउसच्या जातीची असेल, तर ते आकडे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात. गुंतलेल्या सुताचा गुंडा सोडवून एकेक धागा वेगळा ठेवावा, तसे हे काम आहे.

याचा लाभ किती, हे एका उदाहरणाने कळेल. ठरावीक काळातील ब्राउनच्या थरथरीचा मार्ग घ्या. त्याला ही रीत लावली, तर एकूण चढउतारांपैकी सुमारे ८१ टक्के भाग एकटी पहिली लहर सांगते. दुसरी लहर ९ टक्के, तिसरी ३ टक्के. केवळ तीन आकड्यांनी त्या बेबंद दिसणाऱ्या रेषेचा ९३ टक्के हिशेब लागतो. याउलट, ज्या गोंगाटात एका क्षणाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही, त्यात सर्व लहरींचा वाटा सारखाच निघतो आणि अशी काटकसर मुळीच साधत नाही. त्याला शुभ्र गोंगाट म्हणतात. म्हणून जेथे थोड्या लहरी बराच भार उचलताना दिसतात, तेथे काहीतरी रचना लपलेली आहे असे समजावे. खरखरीतून संदेश वेगळा काढण्याच्या शास्त्राला ही ओळख फार मोलाची आहे.

नाव कोणाचे?

पुढील चार-पाच वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समध्ये काम करणारे मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे हाच सिद्धांत मांडला आणि अधिक काटेकोर केला. जगाने त्याला कारहुनेन–लोएव सिद्धांत म्हटले. कोसंबींचे नाव त्यात नव्हते. त्यात कोणाचा कट नव्हता. १९४३ साल महायुद्धाचे होते आणि भारतातील नियतकालिके युरोप-अमेरिकेतील संशोधकांच्या हाती क्वचितच पडत. शिवाय स्वतः कोसंबीही या विषयाचा पाठपुरावा न करता दुसऱ्या कामांकडे वळले.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. लगेच पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, कोसंबींनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र इंग्लंडमधील नियतकालिकात छापले. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे काढणारे संशोधक ते सूत्र आजही 'कोसंबी फलन' याच नावाने वापरतात. लेखक एकच, वर्षाचे अंतर. परंतु एक निबंध वाचकांपर्यंत पोहोचला आणि दुसरा पोहोचला नाही. आता मात्र अनेक ग्रंथांत १९४३ च्या सिद्धांताला कोसंबी–कारहुनेन–लोएव असे तिन्ही नावांनी संबोधतात.

१९४५ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. घर पुण्यातच ठेवून ते डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. तेथील अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. मूळ संख्यांची मांडणी यदृच्छ असल्यासारखी दिसते. त्यावरून संभाव्यतेच्या आधारे रीमानचे गृहीतक सिद्ध करण्याचा प्रयत्न त्यांनी केला आणि तो १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. तज्ज्ञांना तो पटला नाही आणि कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला धक्का बसला. मूळ संख्या नाण्यासारख्या उडवलेल्या नसतात; प्रत्येकीची जागा आधीच ठरलेली असते. यदृच्छ दिसणे आणि यदृच्छ असणे यांतील हे अंतर मोठमोठ्यांनाही चकवते. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांचा करार संपला. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजचे काम

हा सिद्धांत आता नागपूरकरांच्याही जवळचा आहे. अमरावती रस्त्यावर इस्रोचे विभागीय दूरसंवेदन केंद्र आहे. उपग्रह एकाच शेताची चित्रे प्रकाशाच्या अनेक पट्ट्यांत घेतो आणि त्यांत पुष्कळ माहिती दुबार आलेली असते. तिच्यातून मोजकी, परस्परांत न मिसळणारी चित्रे काढण्याची 'प्रमुख घटक विश्लेषण' नावाची रीत दूरसंवेदनाच्या क्षेत्रात सर्वत्र रूढ आहे. कोसंबींच्या सिद्धांताचे ती सुट्या आकड्यांतील भावंड होय.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांनी गुरुत्वलहर प्रथम टिपली. तिच्यामुळे चार किलोमीटर लांबीच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता आणि तो यंत्राच्या गोंगाटात मिसळलेला होता. अशा गोंगाटातून ठरावीक आकाराचा संदेश कसा हुडकावा, याचे गणित पुण्यात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ सालीच मांडले होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ असेच यंत्र उभारण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तेथे काम करण्यासाठी गोंगाटाचे गणित जाणणारी मुले-मुली लागतील. ती याच भागातील शाळांतून का येऊ नयेत?

विद्यार्थी मित्रांनो, या विषयाची सुरुवात करण्यास महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कोसंबींजवळ तराजू आणि नाणी होती. वर्गातील पन्नास जणांनी एकच बाक साध्या पट्टीने मोजावा, एकमेकांचे उत्तर न पाहता मिलिमीटरपर्यंत लिहावे आणि आकड्यांची आकृती काढावी. पालकांनीही घरी आलेला तो कागद पाहावा. मुलाचा आकडा इतरांपेक्षा वेगळा आला म्हणून रागावू नये. पन्नास वेगवेगळ्या आकड्यांतूनच बाकाची खरी लांबी आणि तिच्याभोवतीची ती घंटेसारखी रेषा मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहील.